छत : ठीक

आमच्या कचेरीत दरवर्षी एप्रिल संपता संपता पाहणी निघते. भाड्याने दिलेल्या इमारती पावसाच्या आधी बघायच्या. छत, भिंती, जिना, टाकी, विजेची जोडणी, प्रत्येक रकान्यात शेरा लिहायचा आणि धोका दिसला तर मालकाला व भाडेकरूंना नोटीस काढायची. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते मी सांगते, कारण ते मीच करत होते. गावाचं नाव सांगणार नाही. मालवण किनाऱ्यावरचं गाव आहे, एवढं पुरे. आमच्याकडे नाव सांगितलं की संध्याकाळपर्यंत माणसं दारात येऊन उभी राहतात.

मी बांधकाम विभागात लिपिक. आमच्या अभियंता साहेबांचे गुडघे गेलेले. ते इमारतीखाली आंब्याची नाहीतर माडाची जी मिळेल ती सावली धरून उभे राहायचे, बाहेरच्या भेगा मोजायचे आणि मला म्हणायचे, "मॅडम, तुम्ही वर जाऊन या." मग मी वर. चपला दाराबाहेर. आतून "येवा, बसा" यायचं, पाठोपाठ कोकम सरबत. आमच्या बाजूला कोणाच्या घरात शिरून मान वर करून छताकडे टक लावणं म्हणजे जेवायला बसलेल्याच्या ताटात डोकावणं. तेव्हा सरबत पिता पिता डोळे फिरवायचे, "खंय गळता बिळता काय?" असं विचारायचं, "नाय गो" असं ऐकायचं आणि 'ठीक' लिहून खाली उतरायचं. सगळे असंच करत. त्यातल्या त्यात मी नेटाने करते असा माझा समज होता. मी मुळात तापट. जिन्यात पाणी साचलेलं दिसलं तर मालकाला चारचौघांत फैलावर घ्यायला मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. त्यामुळे माझ्या पाहणीत काही सुटत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. काय म्हणावं या छातीला!

ज्या इमारतीबद्दल लिहिते आहे ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तळमजला आणि वर दोन मजले, सगळी मिळून सहा बिऱ्हाडं, सगळी भाड्याची. बांधताना खाडीची वाळू न धुता वापरली, असं गावात कोणीही सांगेल. मालक मुंबईला. गणपतीत आणि मे महिन्यात यायचा, गच्चीवर उभा राहून समुद्राकडे बघायचा आणि पर्यटकांसाठी लॉज कसं बांधायचं याचे हात हलवून बेत सांगायचा. दुरुस्तीचं नाव काढलं की त्याचं एकच उत्तर, "आधी खाली करा, मग बघू." भाडेकरूंनी कंटाळून निघून जावं, एवढीच त्याची दुरुस्ती.

पहिल्या मजल्यावर समुद्राच्या बाजूला बाई राहायच्या. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षर शिकवलं, मलाही. माझा 'ठ' गोल येत नसे म्हणून त्यांनी माझा हात हातात धरून दुरेघी वहीची दोन पानं भरून घेतली होती. एकदा गृहपाठ न करता मी "केला, पण वही घरी राहिली" म्हटलं, तर त्यांनी मला अख्खा तास उभं केलं. मारलं नाही. फक्त म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्याच्या वहीवर मी लाल पेन लावत नाही." महिनाभर त्यांनी माझी वही तपासली नाही. तो महिना मी अजून विसरलेले नाही.

बाईंनी लग्न केलं नाही. धामापूरच्या बाजूला त्यांचं मूळ घर होतं, ते भावांच्या वाटण्यांत गेलं. कुडाळला एक भाची, तिचं घर दोन खोल्यांचं, त्यात माणसं पाच. बाईंचं म्हणून जे काही होतं ते या भाड्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दर्शनी गॅलरीतली तुळस. तीस वर्षं त्या तिथेच राहत होत्या. "हयसून माका फक्त चौघे जण बाहेर काढतील," असं त्या हसत म्हणायच्या. शाळेत बाई शुद्ध पुस्तकी बोलत, घरात मात्र मालवणी. शुद्ध बोलायला लागल्या की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

तर त्या दोन खोल्यांतली मागची खोली देवाची. आणि देवाच्या खोलीत पारोशाने पाय ठेवायचा नाही, हा बाईंचा नियम. आमच्याकडे तो काही जगावेगळा नियम नाही, माझ्या आईचाही तोच. पहिल्या वर्षी मी पाहणीला गेले तेव्हा बाई त्या खोलीच्या चौकटीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दहा घरां फिरान इलंस. आंगोळ नाय, सोवळां नाय. हयसूनच बघ." मी चौकटीतून बघितलं. आत अंधार, पडदा ओढलेला, उदबत्तीचा वास. मी हात जोडले आणि 'ठीक' लिहिलं. दुसऱ्या वर्षी माझीच अडचण होती, महिन्यातले चार दिवस. मी स्वतःच लांब उभी राहिले. तिसऱ्या वर्षापासून बाईंना काही बोलावंही लागलं नाही. मी सरबत संपवायचे, बंद दाराकडे बघून हात जोडायचे आणि लिहायचे. छत : ठीक. अशी सहा वर्षं.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक नवं बिऱ्हाड आलं. बायको दवाखान्यात नर्स, नवरा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि एक मुलगी, आता आठ वर्षांची. मुलगी म्हणजे नुसती उडती मासळी, एका जागी ठरायची नाही. बाईंनी स्वतःहून तिची शिकवणी धरली. रविवार सोडून रोज चार ते सहा, फुकट. तिची आई मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बाईंचे उपकार कसे फेडू? पोर शाळेतून आली रे आली की खाली बोलावून घेतात." मलाही बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला सोबत झाली.

यंदा कचेरीत नवीन फर्मान आलं. पाहणी मोबाइलवर करायची. प्रत्येक खोलीचा, प्रत्येक छताचा फोटो टाकायचा. फोटो टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. मी दोन दिवस त्या मोबाइलला शिव्या घातल्या. सरबत पिऊन होणारी पाहणी आता मान मोडून करावी लागणार होती.

बाईंकडे गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. शाळेला सुट्टी लागलेली, तरी ती मुलगी बाहेरच्या खोलीत चटईवर बसून शुद्धलेखन लिहीत होती. मी म्हटलं, "काय हे बाई, सुट्टीतसुद्धा?" बाई म्हणाल्या, "तिका आवडता." मुलीने माझ्याकडे असं तोंड करून बघितलं की आवडतं की नाही ते मला लगेच कळलं.

बाहेरच्या खोलीचा फोटो झाला, स्वयंपाकघराचा झाला. मी मागच्या खोलीच्या दाराशी गेले. बाई आल्या आणि आडव्या उभ्या राहिल्या. "पारोशी आसस तू."

मी फोन दाखवला. "बाई, याच्याशिवाय माझा फॉर्म जात नाही हो. एक फोटो. मी आत पायसुद्धा टाकत नाही, हात लांब करून काढते."

"नाय."

आता माझाही पारा चढला. एक तर उकाड्याने जीव नकोसा झालेला, त्यात अजून अकरा बिऱ्हाडं राहिलेली. मी म्हटलं, "बरं. मग मी घरी जाते, आंघोळ करते, धुतलेलं नेसते आणि येते. मग तर चालेल ना?" माझं घर दोन गल्ल्या सोडून. बाईंनी चौकट सोडली नाही. आपणच घातलेल्या नियमात त्या अडकल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली आहे, आता मीही दाखवते.

डोक्यावरून न्हाऊन, वाळत घातलेली सुती साडी नेसून, ओल्या केसांची मी परत गेले. अभियंता साहेब खालून म्हणाले, "मॅडम, सत्यनारायण आहे काय?" मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाई दारातच बसल्या होत्या. मुलीला त्यांनी गॅलरीत तुळशीजवळ नेऊन बसवलं होतं. मला बघून त्या उठल्या. "इलंस?" एवढंच म्हणाल्या. कमरेची किल्ली काढली. देवाच्या खोलीला कुलूप असतं हेही मला तेव्हाच कळलं. मला वाटलं होतं, दार नुसतं लोटलेलं असतं.

आत गेले आणि मान वर केली. अगो बाय माझे! मी आयुष्यात एवढी हादरलेली नाही. वडील गेले तेव्हाही नाही, कारण ते तरी हळूहळू गेले.

छताला छत म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. गिलावा पार गळून गेलेला. लोखंडी सळ्या गंजून फुगल्या होत्या, त्यांचे पापुद्रे खाली लोंबत होते. एका कोपऱ्यात सळई तुटून वाकली होती आणि तिच्यावरचं काँक्रीट बोट लावलं तर सांडेल असं. खाली पोफळीचे चार दांडे टेकू म्हणून उभे केले होते, त्यांच्या डोक्यावर आडव्या फळ्या. जमीन मात्र झाडून लख्ख. पडलेले तुकडे भिंतीशी वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते, सुपारीएवढे एका बाजूला, नारळाएवढे दुसऱ्या बाजूला. बाईंची शिस्त. कोनाड्यात उदबत्ती जळत होती. तिच्या मागे काहीच नव्हतं.

"देव खंय आसत?" मी विचारलं. माझ्या तोंडून मालवणीच निघालं.

"स्वयंपाकघरात. मसाल्याच्या डब्याशेजारी," बाई म्हणाल्या. "हय ठेवलंय आसतंय तर त्यांच्या डोक्यार पडला आसता."

म्हणजे थोड्या वेळापूर्वी मी स्वयंपाकघरात ज्यांचा फोटो काढला, पारोशी, दहा घरं फिरून आलेली, ते देव! आणि ज्या खोलीत देवच नाहीत, तिच्याकडे बघून मी सहा वर्षं हात जोडत होते. मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. ज्या बाईंसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, त्यांच्यावर ओरडले. "तुम्ही खोटं बोललात! तुम्ही! देवाचं नाव घेऊन!"

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी काहीतरी जड सरकवलं. पलंग असेल नाहीतर कपाट. घर्रर असा आवाज झाला आणि माझ्या ओल्या केसांवर, खांद्यावर, धुतलेल्या साडीवर बारीक वाळू झरझर पडली. मी तोंडावरून हात फिरवला. ओठाला लागली ती वाळू खारट होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे बाईंचं छत, म्हणजे वरच्या मुलीची जमीन.

"बाई, वर पोर खेळते!"

बाईंनी कोनाड्यातून एक वही काढून माझ्या हातात दिली. दुरेघी वही. आत त्यांच्या सुरेख अक्षरात रकाने आखलेले. वार, वेळ, आकार, आणि शेवटचा रकाना, 'वर काय चालले होते'. प्रत्येक पडलेल्या तुकड्याची नोंद. मंगळवार, सायंकाळी पाच, लिंबाएवढा, दोरीच्या उड्या. गुरुवार, सायंकाळी साडेचार, सुपारीएवढा, दोरीच्या उड्या. शनिवार, दुपार, नारळाएवढा, पलंग हलवला. पान उलटलं की पान. वरचं बिऱ्हाड येण्याच्या आधीपासूनच्या नोंदी होत्या. सगळ्यात पहिली नोंद तर मी पहिल्यांदा 'ठीक' लिहिलं त्याच्याही आधीच्या पावसाळ्यातली.

"चार ते सहा पडायचा जास्त," बाई खालच्या आवाजात सांगू लागल्या. "त्या वेळेक ती वर उड्यो मारायची. म्हणून तिका खाली बोलवूक लागलंय. शिकवणी धरल्यापासून बघ, कमी झालाहा. बघ ना, शेवटच्या पानार बघ."

मी खरंच शेवटच्या पानावर बघितलं. खरंच कमी झालं होतं. आणि बाईंच्या चेहऱ्यावर, देवा शप्पथ, समाधान होतं. चांगला निकाल लागलेल्या वर्गाकडे बघावं तसं. त्या समाधानाने मी छतापेक्षा जास्त घाबरले. एवढी शहाणी बाई, आयुष्यभर खोट्याचा तिरस्कार केलेली, तिने छप्पर दुरुस्त होत नाही म्हणून पोरीच्या पायांना वेळापत्रक लावलं होतं! माडांवर चढणाऱ्या एका पाडेलीला शपथ घालून टेकू लावून घेतले होते. रोज झाडत होती, मोजत होती, मांडत होती. आणि त्या वहीत तिला सगळं आटोक्यात दिसत होतं.

"बाई, वरच्यांना सांगायचं नाही?"

"सांगला आसता तर ती तुझ्या कचेरीत इली आसती. मग नोटीस. मग सगळे बाहेर. मालकाक तांच होया." बाईंनी माझा हात धरला. लहानपणी 'ठ' काढताना धरायच्या तसाच घट्ट. "माका खंय जागो आसा गो? भाचीकडे दाराआड झोपू? एवढो पावस जावंदे. दिवाळी झाली की मीच जातंय. एवढ्या वर्सा लिव्हलंस, आजून एकदा लिव्ह. फोटो काय, दुसऱ्या खोलीचो परत टाक. कोणाक कळता?"

खरं सांगते, मला मोह झाला. दोन पळं का होईना, झाला. बाहेरच्या खोलीच्या छताचा फोटो परत टाकला असता तर कोणाला कळलं असतं? मग गॅलरीतून ती मुलगी ओरडली, "बाई, झालं लिहून! आता वर जाऊ?" आणि बाईंच्या तोंडून एकदम निघालं, "नको! आणखी एक पान!"

तो आवाज ऐकला आणि मी फोन वर धरला. चार फोटो काढले. जिन्यावर बसून फॉर्म भरला. शेवटी तीन पर्याय येतात. ठीक, दुरुस्ती आवश्यक, राहण्यास धोकादायक. ओल्या केसांचं पाणी फोनवर ठिबकलं होतं, म्हणून तिसरा दोनदा दाबावा लागला. बाई दारातून बघत होत्या. त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "केलंस?" मी मान हलवली. त्यांनी दार लावून घेतलं.

मग मी वर जाऊन त्या नर्सबाईंना सांगितलं. त्या खाली आल्या, मागची खोली बघितली, वही बघितली. मला वाटलं, आता बाईंना काय काय बोलतील. त्या बाईंना एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दरवर्षी येत होतात ना बघायला?" त्यांनी मुलीचा हात धरला आणि तिला ओढत नेलं. मुलीची वही चटईवरच राहिली. बाई ती वही उचलून किती तरी वेळ झटकत होत्या, तिच्यावर धूळ नव्हती तरी.

नोटीस निघाली. पंधरा दिवसांत सहाही बिऱ्हाडं उठली. मालकाचा कचेरीत फोन आला, मला फोनवर बोलावून घेतलं. "मॅडम, तुमचे फार उपकार झाले. इतकी वर्षं मला जमलं नाही ते तुम्ही केलंत. कधी मुंबईला आलात तर..." पुढचं मी ऐकलं नाही. "शिरा पडो तुझ्या तोंडार!" असं म्हणून मी फोन आपटला. सगळी कचेरी बघत राहिली. तरी त्या माणसाचं ते 'उपकार' कितीतरी दिवस माझ्या कानातून जाईना.

मग मुख्याधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावलं, मला आणि बाईंना. त्यांच्या टेबलावर माझे सहा वर्षांचे फॉर्म पसरलेले. सहा ठिकाणी माझा गोल, सुबक 'ठ'. ते म्हणाले, "गेल्या वर्षी छत ठीक आणि यंदा सळ्या तुटलेल्या? तुम्ही आत जाऊन पाहिलं होतं का?"

मी उत्तर देण्याआधीच बाई बोलल्या. शुद्ध, स्पष्ट, वर्गात बोलायच्या तशा. "दरवर्षी या आत येऊन पाहून जात होत्या, साहेब. तेव्हा छत ठीकच होतं. यंदाच पडायला लागलं. मी खोटं बोलत नाही, चाळीस वर्षं शिक्षिका होते."

आणि मी गप्प बसले. एरवी शिपायाशीसुद्धा वाद घालणारी मी, खुर्चीत बसून टेबलाच्या काचेकडे बघत राहिले. ती पडलेल्या तुकड्यांच्या नोंदींची वही तेव्हा बाईंच्या पिशवीत होती. एक शब्द बोलले असते तर खरं बाहेर आलं असतं. मी बोलले नाही. ते आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

बाहेर आल्यावर बाईंनी ती वही काढून माझ्या हातात कोंबली. "ही तुझ्याकडे ठेव. माझा घर गेलाच आसा, तुझी नोकरी कित्याक जावची?" आणि भाचीबरोबर कुडाळच्या एसटीत बसल्या. मागे बघितलं नाही.

महिन्याभराने मी कुडाळला भेटायला गेले. बाजाराचा दिवस होता, भाची बाजारात गेलेली. बाई दाराजवळच्या खाटेवर बसल्या होत्या, पायाशी तुळशीची कुंडी. मला बघून पहिला प्रश्न, "पडली काय गो?"

"नाही बाई."

"मग?" असं म्हणून त्या भिंतीकडे बघत राहिल्या. त्या 'मग?'ने मला उभं चिरलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. "पडली?" "नाही." अख्खा पाऊस कोसळत होता आणि इमारत ढिम्म उभी. गावातही कुजबुज सुरू झाली, बिचाऱ्या म्हातारीला उगाच उठवलं, बिल्डिंगला काय धाड भरली आहे? मी कचेरीत जाता येता त्या इमारतीकडे बघायचे. लाज वाटते लिहायला, पण ती पडावी म्हणून मी मनातून वाट बघत होते.

श्रावण संपता संपता ती पडली. अख्खी नाही. बाईंची मागची खोली आणि तिच्यावरची खोली, एवढीच खाली बसली, जणू कोणीतरी सुरीने कापून काढावी तशी. इमारत रिकामी, कोणाला ओरखडासुद्धा नाही. समोरच्या नळावरच्या बायकांनी आवाज ऐकला. मला कळलं तशी मी वही पिशवीत टाकली आणि मिळेल त्या एसटीने कुडाळ गाठलं. वाटभर माझ्या मनात एकच, आता बाईंना कळेल की मी बरोबर केलं. पेढे घेऊन जावं तशी ती बातमी घेऊन मी चालले होते.

बाई खाटेवरच होत्या. मी काही बोलायच्या आधीच माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "पडली."

"पडली बाई. तुमची खोली आणि वरची."

त्या खाटेवर सरळ होऊन बसल्या. मग हात पुढे केला. "वही आणलंस?" मी दिली. त्यांनी चष्मा लावला, उशीखालून पेन काढलं, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली. "आकार," असं पुटपुटल्या आणि लिहिलं, 'पूर्ण खोली'. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'वर कोणी नाही'.

"वेळ?"

"सकाळी साडेदहा."

"साडेधाक ती शाळेत आसता," बाई म्हणाल्या. स्वतःशीच, जरा सैल होऊन. लिहिलं. मग पेन पहिल्या रकान्यावर नेलं. "वार?"

"आज रविवार, बाई."

पेन तिथेच थांबलं. बाईंनी मान वर केली, छताकडे नाही, माझ्याकडे. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी वही उलटी केली, आधीची पानं चाळली, भराभर, एक, दोन, पाच, वारांच्या रकान्यावर बोट फिरवत. मग वही मिटली.

"रविवारी माझी शिकवणी नव्हती गो," बाई म्हणाल्या.